गुरुवारच्या आठ कोंबड्या

ज्यांनी गप्प बसायला हवं होतं त्यांनीच तोंड उघडलं होतं, आणि तेही लागोपाठ तिसऱ्यांदा.

बुद्धप्रिया यंत्रातून निघालेल्या आकड्यांकडे बघत राहिली. आकडे काही शरमेनं बदलले नाहीत. मग तिनं तो कागद उलटा धरून पाहिला, खिडकीशी नेऊन पाहिला, आणि शेवटी घडी घालून ॲप्रनच्या खिशात कोंबला. उदगीरच्या ज्या कॉलेजात जनावरांची डॉक्टरकी शिकवतात, तिथं ती तीन वर्षांपासून कोंबडीच्या पोटातल्या न झालेल्या अंड्यांवर पीएच.डी. करत होती. हे वाक्य लग्नाच्या बैठकीत सांगता येत नाही, म्हणून तिची आई पाहुण्यांना नुसतंच “पोरगी संशोधन करते” एवढं सांगून चहा पुढं करायची.

खरं तर ह्या खुळाची सुरुवात आईनंच करून दिलेली. आई, म्हणजे मुदखेडच्या अंगणवाडीतल्या महामायाबाई. बुद्धप्रिया सात वर्षांची असताना एका रविवारी त्यांनी कोंबडी साफ करता करता लेकीला आतली पिवळ्या मण्यांची माळ दाखवली होती. सगळ्यात मोठा मणी लिंबाएवढा, त्याच्यामागचा जरा लहान, मग बोराएवढा, आणि शेवटी हरभऱ्या-ज्वारीएवढ्या बारक्यांचा घोस. “हे उद्याचं अंडं, हे परवाचं, हे तेरवाचं,” महामायाबाईंनी बोट ठेवून सांगितलं. “अन् हे बारके?” “ह्यातलं एक रोज रांगेत जातंय.” “कोणतं?” त्यावर महामायाबाई म्हणाल्या, “ते मला काय माहीत, कोंबडीला विचार.” दुसऱ्या पोरीनं ते थट्टेवारी नेलं असतं. ही वीस वर्षं कोंबडीला विचारत बसली होती.

आणि प्रश्न खरंच वेड लावणारा आहे, माझ्यावर विश्वास ठेवा. मेंदूच्या बुडाशी असलेल्या एका इवल्याशा गाठीतून एफएसएच नावाचं हार्मोन रक्तात सुटतं आणि सगळ्या मण्यांच्या दारावर सारखंच टकटक करतं. ह्या मण्यांना शास्त्रात फॉलिकल म्हणतात. हरभऱ्याएवढे डझनभर फॉलिकल ती टकटक ऐकतात आणि ढिम्म बसून राहतात. पण रोज त्यातल्या एकाच्याच आतली कडी निघते. आतल्या आत निरोप्ये धावायला लागतात, बंद पडलेला कारखाना सुरू होतो आणि त्याच्या आतल्या अस्तरातल्या पेशी प्रोजेस्टेरॉन नावाचं दुसरं हार्मोन बनवू लागतात. तो मणी रांगेत लागला. बाकीचे अकरा, सख्खे भाऊ असून, बसले तिथंच बसतात.

तर बुद्धप्रिया काय करायची, की हरभऱ्याएवढे मणी फोडून त्यांचं आतलं अस्तर कांद्याच्या पापुद्र्यासारखं सोडवायची, त्याच्या पेशी काचेच्या वाट्यांत ठेवायची, अर्ध्या वाट्यांत एफएसएच घालायची आणि अर्ध्या तशाच सोडायची. तशाच सोडलेल्यांनी गप्प राहायचं. एफएसएच मिळालेल्यांनी दिवसभरानं कडी काढून बोलायला लागायचं. दिवाळीच्या आधी पहिल्याच खेपेला अगदी असंच झालं होतं, आणि पोरीचे पाय आठवडाभर जमिनीला लागले नव्हते. त्यानंतर तीनदा लावलं आणि तिन्ही वेळा न विचारलेल्या पेशीच मुक्तकंठानं प्रोजेस्टेरॉन ओतत बसलेल्या.

“अच्छा,” मल्लिनाथ स्वामी सरांनी तो चुरगळलेला कागद सरळ करत म्हटलं. स्वामी सर तिचे मार्गदर्शक. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, जन्मात अंड्याला तोंड न लावलेला माणूस, आणि तीस वर्षं कोंबडीच्या पोटात डोकं घालून बसलेला. “शनिवारी तुझ्या विषयाची समिती आहे. बाहेरून मॅडम येणार आहेत. गुरुवारी आणखी एकदा लाव.”

“आणि नाही जमलं तर?”

सरांनी चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छच होता. “तर विषय बदलू. म्हशींच्या आहारात क्षारमिश्रण. त्यात कुणी नापास झालेलं नाही आजवर.”

बुद्धप्रियानं कागद परत घेतला. क्षारमिश्रणाबद्दल तिचं काही वाईट मत नव्हतं. पण त्या विषयानं कुणाला रात्री झोपेतून उठवल्याचं तिनं ऐकलं नव्हतं, आणि तिला तर ह्या मण्यांनी सातव्या वर्षापासून उठवलं होतं. तो प्रश्न तिच्या हातातून जाणार, आणि मग ती कोण उरणार, हे काही केल्या तिला सुचेना.

तर तो गुरुवार. तोही साधा नाही, मार्गशीर्षातला. निम्म्या उदगीरच्या घरात त्या दिवशी लक्ष्मीचा घट बसतो आणि मटण-मच्छीचं नाव निघत नाही. बुद्धप्रियाच्या घरी असले वार कुणी पाळत नसल्यामुळे ही गोष्ट तिच्या डोक्यातच आली नव्हती. ती एरवी साडेआठला साखराबाईंच्या दुकानावर जायची. त्या दिवशी डोळ्याला डोळा लागला नाही म्हणून सातलाच जाऊन उभी राहिली.

साखराबाईंचं दुकान म्हणजे जुन्या बाजाराच्या टोकाला पत्र्याची टपरी, एक ओटा, एक पाण्याचं पिंप आणि जाळीचा पिंजरा. अंडी देऊन देऊन थकत आलेल्या फार्मच्या कोंबड्या त्या आणायच्या. कॉलेजच्या पोरीला पोटातले बारके मणी लागतात म्हटल्यावर त्यांनी पहिल्या दिवशी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं होतं आणि मग विचारलं होतं, “औषधाला का करणीला?” तिनं तासभर उभं राहून सगळं समजावलं. साखराबाईंना एफएसएच कळलं की नाही देव जाणे, पण रोज एकच का, हा प्रश्न त्यांना कळला, आणि त्या दिवसापासून पोरीचे मणी त्या स्वतःच्या हातानं वेचून थर्मासात भरून ठेवायच्या.

वेचायचे कसे, हाही घोळ होताच. शास्त्राला सहा ते आठ मिलिमीटरचे मणी लागतात. मोजायला व्हर्नियर नावाची पोलादी पट्टी असते. तिचा चिमटा लावला की मणी फुटून बलक ओघळतो. दोन-चार फुटल्यावर साखराबाईंनी ती पट्टी बाजूला सारली होती. “ही लोखंडी भानगड घरी ने. मला एक दाणा दाखव, मी त्या दाण्याएवढंच देते.” झालं. बुद्धप्रियानं एक हरभरा आणला. व्हर्नियरनं हरभरा मोजला, सात पूर्णांक एक मिलिमीटर, आणि हरभऱ्यानं मणी मोजायचे असं ठरलं. प्रबंधात “व्हर्नियरने मापले” असं लिहायला आता हरकत नव्हती, निदान मनाची तशी समजूत घालता येत होती.

त्या दिवशी ती सातला पोचली तेव्हा साखराबाईंनी खानावळीच्या मालकानं आणि वाढप्यानं समोर उभं राहून बोट दाखवलेल्या दोन कोंबड्या नुकत्याच कापल्या होत्या आणि त्या मणी वेचत बसल्या होत्या. पुढ्यात स्टीलची वाटी, वाटीत पाणी, पाण्यात पिवळे मणी, आणि मण्यांच्या मधोमध बसलेला हरभरा.

हरभरा टम्म फुगला होता.

“मावशी,” बुद्धप्रिया हळूच म्हणाली, “हे काय आहे?”

“तुझा दाणा की.”

“हा भिजलेला आहे.”

“मंग? भिजवल्याबिगर कसा घालू?” साखराबाईंनी मान वर न करता सांगितलं. “कोरड्या हरभऱ्याला चोच असती बाई. दिवाळीला तुझे मणी वेचले बघ, तवा एकाला ती चोच टोचली अन् फुटला त्यो. मला लई वाईट वाटलं, एवढं लांबून येतंय लेकरू. तवापासनं दाणा रातच्याला भिजू घालते. मऊ पडतोय. दोन दिसानं मोड येती, मंग बदलते. एक दिस बी खाडा न्हाई केला.”

आता तुम्ही म्हणाल, ह्या पोरीला डोळे नव्हते का? होते. पण तिच्या हातात यायचा तो बंद थर्मास, आणि थर्मासातनं मणी जायचे थेट सूक्ष्मदर्शकाखाली, जिथं मोहरीसुद्धा कलिंगडाच्या तोऱ्यात बसते. शिवाय साखराबाईंवर तिचा विश्वास होता, आणि तो विश्वास काडीइतकाही चुकीचा नव्हता. दाण्याएवढं सांगितलं होतं, दाण्याएवढंच मिळत होतं.

ती समोरच्या पिठाच्या गिरणीवर धावत गेली आणि तिथल्या पोत्यातनं एक कोरडा हरभरा मागून आणला. वाटीतला दाणा काढून शेजारी ठेवला. एक दुसऱ्याचा थोरला भाऊ दिसत होता. दीड महिना तिच्या वाट्यांत निवड न झालेले मणी येतच नव्हते. जे नुकतेच निवडले गेले होते, ज्यांची कडी आधीच निघाली होती, ते येत होते. पेशी खोटं बोलत नव्हत्या. त्या बोलायच्या वयाच्याच होत्या.

बुद्धप्रियाला हसू फुटलं. आधी नाकातनं, मग खांद्यातनं, मग ती ओट्याला धरून खालीच बसली. डोळ्यांतनं पाणी, घशातनं आवाज नाही. खानावळीचा वाढपी कोंबड्या न्यायला परत आला होता, तो चार पावलं मागं सरला.

“काय झालं गं?” साखराबाईंचा चेहरा पडला. “माझं चुकलं व्हय?”

“नाही मावशी,” ती कशीबशी म्हणाली. “तुम्ही आहात म्हणून बरं. मला आत्ताच्या आत्ता कोरड्या दाण्याएवढे मणी द्या. आठ कोंबड्यांचे.”

साखराबाईंनी सुरी ओट्यावर ठेवली. ह्याच्यापुढं खरी पंचाईत सुरू झाली.

पिंजऱ्यात कोंबड्या मोजून आठ होत्या. पहाटे साखराबाईंनी नेहमीसारखं प्रत्येकीला अंडं येतंय का ते बोटानं चाचपून पाहिलं होतं आणि आठही जणींनी सातच्या सुमाराला अंडं घातलं होतं. म्हणजे कामाला अगदी तंतोतंत. पण अंडं घातल्यापासून चार तासांच्या आत मणी काढायला हवेत, नाहीतर आतली सगळी हार्मोनं पुढच्या अंड्याच्या मागं लागतात. अकराच्या आत. आणि खानावळ सोडली तर गिऱ्हाईक एकही नाही, मार्गशीर्षातला गुरुवार.

“मी घेते आठही.”

“तू खाशील व्हय आठ?”

“नाही, पण...”

“मंग न्हाई.” साखराबाईंचा आवाज मऊच होता, पण त्यात जागा नव्हती. “जीव हाय तो. खाणारं तोंड समोर उभं राहून बोट दाखविल्याबिगर मी सुरी उचलत न्हाई. एका कोंबडीला एक तोंड. वीस वर्सं झाली, हाच कायदा हाय माझा. तुझ्यासाठी मोडला तर उद्या कुणासाठी बी मोडंल.”

बुद्धप्रियाला राग यायला हवा होता. आला नाही. उलट ह्या बाईच्या पाया पडावं असं वाटलं, पण वेळ नव्हता. तिनं स्वतःचं बोट पुढं करून एक कोंबडी दाखवली. एक झाली. मग वसतिगृहावर फोन लावला. खोलीतली मैत्रीण प्रियदर्शनी अजून अंथरुणात होती.

“ऐक, आज कोंबडी खाणार का?”

“सकाळी सात वाजता?”

“सवासात. ये आणि जो कुणी उपास करत नाही त्याला घेऊन ये. आणि खाणार असं कबूल करूनच ये, इथं तोंड दाखवावं लागतं.”

पाऊण तासानं एका स्कूटीवर तीन पोरी आल्या, तोंडाला ओढण्या गुंडाळून, बँक लुटायला आल्यासारख्या. साखराबाईंनी तिघींना ओढण्या काढायला लावल्या. तोंड दिसायला हवं, कायदा म्हणजे कायदा. त्यातली एक कुरकुरली, “मावशी, ही म्हातारी कोंबडी शिजत नाही हो, रबर होतं.” साखराबाई म्हणाल्या, “कुकरच्या धा शिट्ट्या. तरुण पोरी हाव तुम्ही, दात कशाला दिलेत?” चार झाल्या.

पाचवा निलंग्याच्या एसटीचा कंडक्टर. तो शेजारच्या टपरीवर चहा प्यायला आला होता आणि बुद्धप्रियानं त्याला गाठलं. “गुरुवार आमची बायको धरती, मी न्हाई,” तो इकडं तिकडं बघत म्हणाला आणि बोट दाखवून मोकळा झाला. सहावा ड्रायव्हर, कारण कंडक्टर खाणार आणि आपण बघत बसणार हे त्याच्यानं होईना. त्या दिवशी निलंग्याची गाडी बारा मिनिटं उशिरा सुटली आणि कारण कुणी विचारलं नाही. सातवी गिरणीवाली शिल्पा. तिला हा सगळा प्रकार पोत्यातल्या एका हरभऱ्यावरनं सुरू झाल्याचं कळलं होतं, आणि आपल्या हरभऱ्याचं काय होतंय ते शेवटपर्यंत बघायचंच असा तिनं चंग बांधला होता.

सात कोंबड्या झाल्या तेव्हा दहा वाजून गेले होते. साखराबाईंचे हात असे चालत होते की बघत राहावं. उजव्या हातानं माळ अलगद उचलायची, लिंबाएवढे मणी गिऱ्हाइकाच्या पिशवीत टाकायचे, कारण रश्श्यात त्यांनाच खरी मागणी, आणि डाव्या हातानं कोरड्या हरभऱ्याशेजारी एकेक बारका मणी लावून बघायचा. ह्या खेपेला त्यांनी दाण्याची चोच आधी नखानं मोडून टाकली होती. हे दिवाळीलाच सुचलं असतं तर, असं त्या तीनदा पुटपुटल्या.

पण आठवं तोंड काही मिळेना. खानावळीच्या कोंबड्यांतले बारके मणी आधीच फेकले गेले होते, आणि सात कोंबड्यांचे मणी मोजले तर चार-पाच वाट्या कमी पडत होत्या, आणि कमी वाट्यांवर समितीनं बोट ठेवलंच असतं. रस्त्यावरनं जी बाई जाई तिच्या हातात फुलं आणि नारळ.

साडेदहाला स्कूटरवरनं स्वामी सर आले. पोरगी प्रयोगशाळेत नाही, फोन उचलत नाही, म्हणून शोधत शोधत. तीस वर्षांत ते पहिल्यांदाच अशा दुकानासमोर उभे होते. मेलेल्या कोंबड्या त्यांनी हजारोंनी पाहिल्या होत्या, पण त्या कॉलेजात, ट्रेमध्ये, शास्त्राच्या नावानं. बुद्धप्रियानं एका दमात सगळं सांगितलं, कोरडा दाणा, भिजलेला दाणा, चोच, कायदा, सात तोंडं. सरांनी दोन्ही दाणे तळहातावर घेतले. त्यांच्या मिशा थरथरल्या. ते हसू दाबत होते, आणि ते त्यांना साधत नव्हतं.

“आठवी कोंबडी मी घेतो,” ते म्हणाले.

साखराबाईंनी त्यांच्या कपाळाकडं बघितलं. “स्वामीजी, तुम्ही खाणार न्हाईत. खोटं बोलू नगा, इभूत लावलेली हाय.”

“मी नाही खाणार. पण खाणारं तोंड आहे आमच्या घरी.” सरांनी चष्मा सारखा केला. “मोती. कुत्रा आहे. अकरा वर्षांचा.”

“कुत्र्याला घालता का मटण?”

“अकरा वर्षं दहीभात घातला,” सर म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखर खाली गेला. “मी जनावरांचा डॉक्टर आहे. सगळ्या दुनियेला सांगतो काय घालावं ते. घरी आमच्या उमाबाईंपुढं चालत नाही.”

साखराबाई विचारात पडल्या. सगळं दुकान त्यांच्या तोंडाकडं बघत राहिलं. कायद्यात तोंड म्हटलं होतं, माणसाचं असं कधी म्हटलं नव्हतं. पण गिऱ्हाईक समोर उभं पाहिजे होतं. मग सरांनी खिशातला मोबाईल काढला आणि मोतीचा फोटो पुढं धरला. दाराशी बसलेलं, पांढऱ्या भुवयांचं, जन्माचं उपाशी दिसणारं कुत्रं.

“तोंड हाय,” साखराबाई म्हणाल्या, “बोट तुम्ही दाखवा.”

मल्लिनाथ स्वामींनी डोळे मिटून बोट दाखवलं.

पुढचं सगळं भराभरा झालं. थर्मास मांडीवर घेऊन बुद्धप्रिया सरांच्या स्कूटरवर मागं बसली, आणि दोघांमध्ये मोतीची पिशवी. प्रयोगशाळेत शिरल्या शिरल्या तिनं आधी दोन्ही दाण्यांना व्हर्नियर लावला. कोरडा सात पूर्णांक एक, भिजलेला दहा पूर्णांक तीन. का कोण जाणे, दोन्ही आकडे तिनं वहीत लिहून ठेवले आणि दाणे एका डबीत टाकले. मग मणी, अस्तर, वाट्या, एफएसएच.

शुक्रवारी दुपारी शेवटचा थेंब टाकला. ह्या तपासणीचं गणित उलटं असतं, प्रोजेस्टेरॉन जितकं जास्त तितका रंग फिका. म्हणजे गप्प बसलेल्या वाट्या गडद पिवळ्या व्हायला हव्यात. ती बघत राहिली. वरच्या ओळींत पिवळा चढायला लागला. चढला, आणखी चढला, अगदी ताज्या बलकासारखा झाला आणि तिथं थांबला. खालच्या ओळी, एफएसएच मिळालेल्या, जेमतेम रंगल्या होत्या. न विचारलेल्या पेशी गप्प होत्या. विचारलेल्या बोलत होत्या.

ती स्टुलावर बसल्या बसल्या हसायला लागली. शेजारच्या खोलीतल्या सरांना तेवढ्यावरनंच कळलं. त्यांनी दारात येऊन फक्त एवढंच म्हटलं, “मोतीनं आज दहीभाताकडं पाठ फिरवली. घरात बोलणं बंद आहे.”

शनिवारी समितीपुढं तिनं तो पिवळा रंग दाखवला. बाहेरून आलेल्या मॅडम शांत होत्या, कागदावर काहीतरी लिहीत होत्या, आणि लिहिणारी माणसं नेहमीच धोक्याची. शेवटी त्यांनी पेन खाली ठेवलं.

“हे निवड होण्याआधीच्या फॉलिकलचं झालं. ते गप्प आहेत, छान. पण निवडीचा अभ्यास म्हणता, तर निवड झाल्याबरोबरचं फॉलिकल कुठं आहे? नऊ-दहा मिलिमीटरचं? त्याच्याशी ताडून पाहिल्याशिवाय कडी निघाली हे कशावरून? ते नसेल तर विषय अर्धवट आहे. असल्या विषयाला मी कशी मान्यता देऊ?”

बुद्धप्रियानं सरांकडं पाहिलं. सरांचाही चेहरा पडला होता, क्षारमिश्रणाची म्हैस त्यांच्याही डोळ्यांपुढं येऊन उभी राहिली असावी. मग त्यांची नजर तिच्या बॅगेकडं वळली आणि त्यांना एकदम खोकला आला. लांबलचक, मुद्दाम खोकला.

तिनं बॅगेत हात घातला. खाली तीन कागद होते. चुरगळलेले, घडी पडलेले, तीन वेळा रडवलेले. दहा पूर्णांक तीन मिलिमीटर. तिनं ते एकेक करून टेबलावर मांडले.

“आहे मॅडम. तीनदा लावलंय. निवड झालेल्या पेशी कुणी न विचारताही बोलतात, आणि एफएसएच दिल्यावर आणखी मोठ्यानं. तिन्ही वेळा सारखंच.”

मॅडमनी तिन्ही कागद उलटसुलट करून वाचले. बराच वेळ वाचले. “दोन आकार इतके नेमके वेगळे कसे काढले? आमच्याकडं मुलांना महिनोन्महिने जमत नाही.”

बुद्धप्रियानं डबी उघडून दोन दाणे पुढं ठेवले. भिजलेल्याला एव्हाना मोड आला होता.

विषय टिकला. संध्याकाळी ती जुन्या बाजारात गेली तेव्हा साखराबाई पिंजरा धूत होत्या. शनिवार म्हणून गिऱ्हाईक कमीच होतं. तिनं सगळं सांगितलं. ते दीड महिन्याचे चुकलेले मणी चुकलेले नव्हते. लहान आणि मोठे असे दोन्ही हवेच होते, आणि मोठे मागायचं तिला स्वतःला कधी सुचलंच नव्हतं. साखराबाईंनी हात पदराला पुसले.

“मंजे माझ्या भिजवलेल्या दाण्यानं तुझं काम झालं.”

“हो मावशी.”

“मी दोन राती झोपले न्हाई बघ,” त्या म्हणाल्या. “लेकराचं वाटोळं केलं आपण, असं वाटत होतं.” मग त्या पाणी उगाचच एकाच जागी ओतत राहिल्या. “अन् रोज एकच का, ते कळलं का मंग?”

“कधी ते कळलं. का ते अजून नाही.”

साखराबाईंना हे पटल्यासारखं दिसलं. त्यांनी फळीवरची स्टीलची वाटी काढली, विसळली आणि भरली. डब्यातनं दोन हरभरे घेतले. एकाची चोच नखानं मोडून तो कोरडाच कागदात बांधून ठेवला. दुसरा पाण्यात सोडला.

“सोमवारी सातला ये,” त्या म्हणाल्या, “गिऱ्हाईक मी बघून ठेवते.”